ठराव गावाचा, पोरगा कुणाचा? बोरीकाठच्या एका गावाचं प्रकरण

१५ ऑगस्ट २०२५च्या ग्रामसभेत आमच्या गावात एक ठराव आला. ‘देशात सक्तीची लष्करी सेवा लागू करावी, अशी ही ग्रामसभा शासनाकडे मागणी करते.’ सूचक नाना, अनुमोदक सोसायटीचे माजी चेअरमन. झेंडावंदन नुकतंच झालं होतं, शाळेची पोरं अजून जिलबी चाटत होती. हात भराभर वर गेले. ग्रामसेवक ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायला वाकले आणि तेवढ्यात सुभेदार आप्पा उठले. पुढच्या वीस मिनिटांत त्या ठरावाचं जे झालं, त्यासाठी हे टिपण.

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हे गाव माझं माहेर, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातलं, बोरी नदीकाठचं. नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत. ज्यांना ओळखू येतील ते तसेही मला फोन करून भांडतीलच.

ठराव समजायचा तर आधी आखाजीपासून सुरुवात करावी लागेल.

आखाजी ते झेलम

गावातला एक फौजी २०१५ला भरती झाला. म्हणजे अग्निपथ या चार वर्षांच्या भरती योजनेच्या आधीचा, पेन्शनवाला. वडील नाहीत. घरी माय, बायको, चार वर्षांची मुलगी आणि पाच एकर जमीन, त्यातली तीन एकर नदीच्या अंगाला. त्याने सुट्टी आखाजी धरून घेतली होती. २०२५ला आखाजी ३० एप्रिलला होती. बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आठवतं. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, निंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, आणि कबूल करूनच टाकू, ओट्याओट्यावर पत्ते. शेतकऱ्याच्या हिशोबात मात्र आखाजीचा अर्थ वेगळाच. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष त्या दिवशी बदलतं. जुना सालदार हिशोब करून सुटतो, नवा ठरतो. फौजीला नेमकं तेच करायचं होतं. नवा सालदार ठरवायचा, ठिबकच्या नळ्या बदलायच्या, मुलीचं शाळेत नाव घालायचं.

२२ एप्रिलला पहलगाम झालं होतं. २६ माणसं गेली, त्यात सहा महाराष्ट्राची. तेव्हापासून तो फोन उशाशी घेऊनच झोपायचा, असं त्याची बायको सांगते. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची तालीम ठरलेली होती आणि यादीत आपलं भुसावळही होतं, त्यामुळे युद्ध एकदम गावाच्या जवळ आल्यासारखं वाटलं. ८ तारखेला दुपारी युनिटचा फोन आला. सुट्टी रद्द, मिळेल त्या गाडीने हजर व्हा.

संध्याकाळी गावाने त्याला जो निरोप दिला, तसा मी लग्नातसुद्धा पाहिला नाही. ट्रॉलीवर डीजे, गुलाल, भगवे फेटे. नानांनी स्वतः त्याच्या डोक्याला फेटा बांधला, नारळ दिला, पाचशे एक रुपये खिशात कोंबले. तरुण पोरांनी खांद्यावर घेतला. बायकोने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून दिला होता, तो डबा या गर्दीत दोनदा हरवला. फाट्यापर्यंत सगळं गाव आलं. तिथून जळगावला झेलम एक्सप्रेस पकडायची होती. गावातल्या एका पिकअपवाल्याने सोडलं, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. हा पिकअपवाला पुढे पुन्हा येईल.

गाडीत आरक्षण नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, तो बसणार कुठे. दाराजवळ सॅकवर बसून तो निघाला. खंडवा सोडल्यावर तिकीट तपासनीस आला, ओळखपत्र पाहिलं, काही न बोलता डब्यात पुढे गेला आणि परत येऊन म्हणाला, “सतरा नंबर रिकामा आहे, झोपा.” हा किस्सा त्याने बायकोला फोनवर सांगितला. डीजेबद्दल काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, बातमी आली की गरज पडल्यास टेरिटोरियल आर्मीला बोलावण्याचा अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिला आहे, ३२पैकी १४ पायदळ बटालियन. टेरिटोरियल आर्मी म्हणजे नोकरीधंदा सांभाळून वर्षातला काही काळ लष्करी सेवा करणारे स्वयंसेवक. १९४८च्या कायद्याने उभं राहिलेलं दल. या बातमीत नव्या कुणाला सक्तीने नेण्याचा काही संबंध नव्हता. पण व्हॉट्सॲपवर गावागावांतून फिरता फिरता त्या बातमीचं ‘आता घरटी एक पोरगा नेणार’ असं झालं. रात्री साडेनऊला मला गावातून एका बाईंचा फोन आला. “ताई, माझ्या पोराचं नाव त्या एनसीसीमधून काढता येईल का? कुणाला न कळू देता?” एनसीसीच्या कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन नसतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. आदल्या संध्याकाळी फाट्यावर ओवाळायला याच बाई पुढे होत्या, आणि त्यांचे यजमान म्हणजे वर ठरावाचे अनुमोदक म्हणून आलेले सोसायटीचे माजी चेअरमन.

मी यात ढोंग बघत नाही. आईचं काळीज आणि फाट्यावरचा उत्साह, दोन्ही खरं. फक्त दोघांना एकमेकांची ओळख नाही.

१० मेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याचं जाहीर झालं. चौकात टीव्ही लावला होता. वाहिन्या तीन दिवस भोंगे वाजवून दमल्या होत्या (गृहखात्यालाच शेवटी सांगावं लागलं की खरे भोंगे कार्यक्रमात वाजवू नका, लोकांची सवय मोडेल). चौकातली पोरं चिडली. “थांबवलं कशाला? आता कुठे रंग भरला होता.” मी त्याच वेळी फौजीच्या घरी होते. त्याची माय चुलीपुढे बसली होती. बातमी कळल्यावर तिने भाकरी तव्यावर तशीच राहू दिली, पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, “बरं व्हयनं.” मग बाहेर चौकाचा आवाज आला तशी उठून तिने दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी गावात आनंद झालेलं घर बहुधा एकच होतं, आणि त्यांना तो लपवावा लागला.

दोन तास

जूनमध्ये पाऊस लागायच्या आत नानांचा ट्रॅक्टर शेतात फिरला. नाना फौजीचे बांधशेजारी. बांध कोरला गेला. खान्देशात तास म्हणजे नांगराची सरी. नाना दोन तास आत आले. तीन एकरांच्या लांबीवर दोन तास म्हणजे किती, हे शहरातल्या वाचकाला सांगत बसत नाही. शेतकऱ्याच्या घरात त्यावरून खून झालेले आहेत.

सालदाराने हरकत घेतली तर नानांच्या पोराने त्याला सांगितलं, मालक आल्यावर बघू. मालक कुठे होता ते सगळ्यांना माहीत होतं. फौजीची बायको तलाठ्याकडे गेली, तलाठी म्हणाले मोजणीचा अर्ज करा. अर्ज सातबारावरच्या नावाने करायचा, सातबारावर नाव नवऱ्याचं, नवरा अशा ठिकाणी जिथे आठ-आठ दिवस फोन लागत नाही. नाना भेटले की विचारायचे, “जवान कसा आहे आपला?” आणि ते मनापासून विचारायचे, यात मला शंका नाही.

इथे सुभेदार आप्पा मध्ये पडले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावातल्या फौजींचे कागद तेच बघतात. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, फौजीला सांगून त्याच्या कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे मागवलं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही त्याची प्रत दिली. दोन, नानांना ओट्यावर बसवून एका कायद्याची गोष्ट सांगितली. १९२५चा आहे, इंग्रजांच्या वेळचा, भारतीय सैनिकांच्या दाव्यांबाबतचा. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असलेला सैनिक एखाद्या दाव्यात पक्षकार असेल, त्याला हजर राहता येत नसेल आणि त्याच्या बाजूने कुणी उभं नसेल, तर न्यायालयाने त्याच्या माघारी निकाल न देता काम थांबवून त्याच्या अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. महसुली न्यायालयालाही तो लागू आहे. सैनिक सीमेवर असताना त्याच्या गैरहजेरीचा फायदा कुणी घेऊ नये, हे शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला सुचलं होतं, आपल्या स्वार्थापोटी का होईना. माझ्या कॉलेजातल्या एकाही सहकाऱ्याला हा कायदा माहीत नव्हता. मलाही नव्हता.

नानांनी एक तास सोडला. दुसऱ्याबद्दल म्हणाले, तो आमचाच आहे, मोजणीत बघा.

तर ठराव आणणारे नाना म्हणजे हे नाना. मी त्यांना खलनायक करू इच्छित नाही, कारण गावातल्या निम्म्या बांधांची हीच गोष्ट आहे. ध्वजदिनाला, ७ डिसेंबरच्या निधीला, नाना दरवर्षी सगळ्यांत आधी पावती फाडतात.

सक्ती कुणाला हवी होती

ठरावाआधी आणि नंतर मी बऱ्याच घरी बसले. सक्तीच्या सेवेला पाठिंबा देणारे सगळे एकच गोष्ट मागत नव्हते.

साठीच्या पुढच्या बहुतेकांना लष्कर नकोच होतं, त्यांना शिस्त हवी होती. पोरं दिवसभर मोबाईल घेऊन पारावर बसतात, गुटखा खातात, शेतात उतरत नाहीत, तिशी आली तरी लग्न जमत नाही. दोन वर्षं फौजेत घातली की सरळ होतील. लष्कर म्हणजे जणू तालुक्याचं वसतिगृह. इस्रायलचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं, तिथे पोरीसुद्धा जातात म्हणून. एकाने दक्षिण कोरियाचे अठरा महिने सांगितले. युक्रेनने २०२४मध्ये सक्तीने सैन्यात बोलावण्याचं वय २७वरून २५वर आणलं, हे मी सांगितलं तेव्हा ओटा जरा शांत झाला. तिथे माणसं कमी पडली म्हणून वय खाली आलं. इथे माणसं कमी आहेत का, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तो हिशोब माझ्या तृतीय वर्षाच्या वर्गात एका मुलाने फळ्यावर मांडला. देशात दरवर्षी अठरा वर्षांची होणारी मुलं, फक्त मुलगे धरले तरी, एक कोटीच्या वर. आख्खं भूदल बारा लाखांच्या आसपास. एका वर्षाची मुलं घ्यायची तरी लष्कर आठ-दहा पटींनी फुगवावं लागेल. त्यांना जेवण कोण देणार, शिकवणार कोण, रायफली कुठून येणार? २०२२मध्ये अग्निवीरांच्या पहिल्या भरतीत तिन्ही दलांत मिळून सेहेचाळीस हजार जागा होत्या. “मॅडम, सरकारला पोरं घ्यायला जागा नाही आणि गाव म्हणतंय जबरदस्तीने न्या,” असं म्हणून त्याने खडू ठेवला. त्याचा स्वतःचा भरतीत नंबर लागला नव्हता.

दुसरे होते ते न्यायवाले. त्यांचं म्हणणं मला सगळ्यांत जड वाटलं. गावातून सैन्यात गेलेली पोरं कुठल्या गल्लीतली आहेत ते बघा. दोन-पाच एकरवाले, नाहीतर भूमिहीन. पन्नास एकरवाल्याचा एकही नाही, डॉक्टरचा नाही, पुढाऱ्याचा तर प्रश्नच नाही. सक्ती झाली तर आमदाराचा पोरगाही त्याच रांगेत उभा राहील. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०१८मध्ये अशाच धर्तीची एक शिफारस केली होती, की ज्यांना थेट राजपत्रित अधिकारी व्हायचंय त्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा. पुढे काही झालं नाही. पण तो विचार गावातल्या मजुराच्या डोक्यात आपोआप येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि त्याचं उत्तरही मजुराच्याच वस्तीतून आलं. भिल वस्तीतले एक जण, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारे, मला म्हणाले, “सक्ती आमाले नवी नही, ताई. सक्ती व्हई तं ती आमना घरपासून सुरू व्हई.” मोठ्यांची पोरं कागद दाखवून सुटतील, पाठीचं दुखणं, डोळ्याचं दुखणं, परदेशातलं शिक्षण, हे त्यांनी जगभरच्या इतिहासातून नाही, रेशनच्या रांगेतून शिकलेलं. वर्गात मी संविधानाचं कलम २३ शिकवते तेव्हा मुलांना एक गंमत दाखवते. त्याच कलमाचा पहिला भाग वेठबिगारीला बंदी घालतो आणि दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, मात्र धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव न करता. वेठ आणि देशसेवा एकाच कलमात शेजारी शेजारी. त्या दोहोंमधला बांध किती पातळ आहे, हे त्या ऊसतोड मजुराला संविधान न वाचता कळलं होतं.

कायद्याची बाजू उरकून टाकते. स्वातंत्र्यानंतर भारतात सक्तीची सैन्यभरती कधीच झालेली नाही. १९७२चा राष्ट्रीय सेवा कायदा आहे, पण तो डॉक्टर आणि इंजिनियर अशा पात्रताधारकांपुरता. संरक्षण केंद्राच्या यादीतला विषय, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव म्हणजे फार तर भावना.

भावनांनाही इतिहास असतो. आमच्याच जिल्ह्यात धरणगावला १८२५मध्ये आऊटरम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. ज्यांचा पाठलाग चालला होता त्यांनाच पगार, गणवेश आणि बंदूक देऊन. सक्ती नव्हती, पण डोंगरात उपासमार आणि पाठीमागे फौज असताना ‘स्वेच्छा’ हा शब्द किती ताणायचा? आणि १९३६ला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन ज्या खान्देशातल्या फैजपूरला भरलं, त्याच काँग्रेसने चार वर्षांनी वैयक्तिक सत्याग्रहात ब्रिटिशांच्या युद्धाला माणूस आणि पैसा देणं चूक असल्याचं जाहीरपणे बोलून तुरुंगात जायला लोकांना सांगितलं. ‘ना एक पाई, ना एक भाई.’ आणखी पंचवीस वर्षांनी, १९६५मध्ये, शास्त्रीजींच्या शब्दाखातर याच घराघरांतून सोमवारची रात्रीची चूल बंद राहिली. माझ्या आजीच्या घरीही. युद्ध कुणाचं, यावर लोकांचं मन ठरतं. ते एकसारखं कधीच नव्हतं.

ग्राउंड

ठरावाला सगळ्यांत ठाम विरोध कुणाचा असेल असं वाटतं? पहाटे साडेचारला फाट्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचा.

ही दहा-बारा पोरं. मी दोन दिवस पहाटे तिथे गेले. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण साठ गुण. दहा बीमचे, म्हणजे पुल-अप्सचे, चाळीस. उंची १६८ सेंटिमीटर, आणि त्यात अर्धा सेंटिमीटर कमी भरणारा एक जण झाडाला लटकून राहतो, कुणी काही म्हणो. आता आधी ऑनलाइन लेखी, मग ग्राउंड. त्यातही आपला खान्देश दोन तुकड्यांत. जळगावची पोरं संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे, धुळे-नंदुरबारची मुंबईकडे. एकाच बोरीचं पाणी पिणारे मामेभाऊ दोन वेगळ्या तारखांना धावतात.

त्यांना मी ठरावाबद्दल विचारलं. एक जण धापा टाकत म्हणाला, “सक्ती कशाला? आम्ही उभे आहोत ना रांगेत. घ्या म्हणावं.” दुसऱ्याला वेगळीच काळजी. सगळ्यांनाच नेलं तर फौजीला किंमत काय राहील? त्याच्या दृष्टीने सैन्य म्हणजे निवड, ज्यात गल्लीतल्या इतरांना मागे टाकता येतं. ते ऐकायला कसंसंच वाटलं, पण खोटं नव्हतं.

अग्निपथबद्दल त्यांचे आकडे तोंडपाठ. पहिल्या वर्षी तीस हजार, त्यातले तीस टक्के निधीला जातात, हातात एकवीस. चार वर्षांनी अंदाजे ११.७१ लाख, पेन्शन नाही, पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम. अविवाहितच हवा. गावातले म्हातारे याला ‘चार सालांची सालदारकी’ म्हणतात. सालदाराला निदान दर आखाजीला मालक बदलायची मुभा असते, ही त्यावरची पुस्ती. पहिली तुकडी २०२६च्या शेवटाला घरी यायला लागेल. तेव्हा या गावाला पंचवीस वर्षांचे निवृत्त फौजी म्हणजे काय ते कळेल, आणि मुलीचे बाप तोवर थांबले आहेत.

पिकअपवाला पोरगा तिथेच दूध घालायला येतो. २०२०मध्ये त्याची तयारी पूर्ण होती. करोनात दोन वर्षं भरतीच झाली नाही. २०२२ला वय एकदाच वाढवून २३ केलं, तोवर तो साडेतेवीसचा होता. फौजीला जळगावला सोडून परतताना त्याने पारोळ्याजवळ गाडी उभी केली आणि थोडा वेळ तसाच बसला, हे त्याने मला सांगितलं, कारण विचारलं तर गाडीचं इंजिन तापलं होतं म्हणाला.

वीस मिनिटं

१४ ऑगस्टला, नियमाप्रमाणे, आदल्या दिवशी महिला ग्रामसभा झाली. रजिस्टरमध्ये सह्या आणि अंगठे आहेत, चर्चा नाही. पण चर्चा झाली होती. ठरावाचा विषय वाचला गेला तेव्हा फौजीची माय मागे बसली होती. ती सहसा बोलत नाही. “दुसराना आंडोर धाडाले काय लागस?” (दुसऱ्याचा मुलगा धाडायला काय लागतं?) एवढंच म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही आणि विषय घरकुलांकडे वळला. त्या वाक्याची नोंद कुठेच नाही म्हणून इथे करते.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आप्पा उठले ते भांडायला नव्हे. म्हणाले, ठराव चांगला आहे, माझी एक दुरुस्ती. ठरावाखाली एक यादी जोडू. ज्यांच्या घरात साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरमालकाने आपलं आणि मुलाचं नाव लिहून सही करायची. म्हणजे शासनाला शोधत बसावं लागणार नाही, आपलं गाव पहिलं.

आधी हशा झाला. मग आप्पा हसत नाहीत हे लक्षात आलं. ग्रामसेवकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. पहिल्या रांगेतून ते दुसऱ्या रांगेत गेलं, दुसरीतून तिसरीत, पेन सोबत फिरत राहिला. कुणी म्हणालं पोरगा पुण्याला कंपनीत आहे, कुणी म्हणालं एकुलता आहे, कुणाला चष्मा आहे. चेअरमन म्हणाले की नावं लिहिणं कायद्यात बसत नाही. रजिस्टर परत आलं तेव्हा त्यावर तीन सह्या होत्या. तिन्ही घरांतली पोरं पहाटे फाट्यावर धावणारी.

नाना रागावले. “आप्पा, तुम्ही सभेची चेष्टा करता.” आप्पा म्हणाले, “नाना, मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. माझ्या कंपनीत जबरदस्तीने आणलेला एक जरी माणूस माझ्या डाव्या हाताला असता, तर मी रात्री झोपलो नसतो.” सैन्याच्या बाजूने सक्तीविरुद्ध मी ऐकलेला हा सगळ्यांत छोटा युक्तिवाद. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेले एक काका मागून म्हणाले, आमच्या गोळ्यांनाही कधी कुणी डीजे लावला नाही. त्यावर पुन्हा हशा आणि सभा सैल झाली.

आप्पांनी मग खिशातून दुसरा कागद काढला. सेवेत असलेल्या प्रत्येक फौजीच्या घरामागे ग्रामपंचायतीचा एक सदस्य नेमायचा. काम इतकंच, महिन्यातून एकदा त्या घरी जायचं आणि बँक, सातबारा, बांध, शाळा, दवाखाना यातलं काय अडलंय ते विचारायचं. हा ठराव कुणी नीट न ऐकता मंजूर झाला. आधीच्या ठरावापुढे ‘चर्चा झाली, विषय पुढील सभेत घ्यावा’ असं लिहिलं आहे. पुढची सभा २ ऑक्टोबरला झाली. विषय निघाला नाही.

दुसऱ्या ठरावाचं काय झालं? अर्धवट. पाचपैकी दोन सदस्य खरोखर जातात, त्यातल्या एक बाई आहेत. त्यांच्यामुळे फौजीच्या मुलीचं शाळेत नाव लागलं आणि बायकोच्या खात्याचं अडलेलं केवायसी झालं. उरलेले तिघे पंधरा ऑगस्टला फेटा बांधून येतात.

मोजणी

फौजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीवर आला. या वेळी डीजे नव्हता, कारण तो येणार हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. पिकअपवाल्याला तेवढा फोन केला होता. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात गेला, सोबत आप्पा, आणि मी त्याच्या बायकोबरोबर भाकरी घेऊन मागून. मोजणीची तारीख अजून लागलेली नव्हती. तो बांधावरून पावलं टाकत मोजत चालला. नाना त्यांच्या शेतातून आले. दोघं बराच वेळ न बोलता शेजारी शेजारी चालले, बांधाच्या दोन अंगांनी.

शेवटच्या टोकाला, निंबाखाली, नाना थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, उरलेल्या तासाबद्दल बोलतील.

“आमचा नातू आहे ना,” ते हळूच म्हणाले, “त्याचं काही जमतं का बघ रे भाऊ. बॉर्डर नको. आत कुठेतरी, ऑफिसातलं, क्लार्कचं.”

फौजी खाली वाकून ठिबकची फुटलेली नळी बघत होता. तो तसाच वाकून म्हणाला, “नाना, त्याला बारावीला साठ टक्के लागतात.”